चारशे वर्षांचा दावा, चार वर्षांचे नाव

२ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री श्री. जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री डॉ. पाउलो कुन्हा यांनी वॉशिंग्टनहून एक संयुक्त पत्रक काढले. सोव्हिएट नेते बुल्गानिन व क्रुश्चेव्ह हे त्या सुमारास भारताच्या दौऱ्यावर होते आणि गोव्यावरील पोर्तुगीज अमलाचा त्यांनी येथील भाषणांतून जाहीर धिक्कार केला होता. त्या भाषणांचा समाचार घेण्यासाठी हे पत्रक निघाले. रशियाला त्यात जे ऐकवावयाचे होते ते ऐकवले गेले; महासत्तांच्या असल्या चकमकी त्या काळी नित्याच्याच होत्या आणि त्यांच्याशी आम्हांस कर्तव्य नाही. परंतु त्या ओघात गोव्याचा उल्लेख 'अतिपूर्वेकडील पोर्तुगीज प्रांत' या मालिकेत झाला, तो मात्र आजही विसरण्याजोगा नाही. बेळगावाहून चोर्ल्याचा घाट उतरताच जी भूमी लागते ती अतिपूर्वेत केव्हा जाऊन बसली, हे कोडे भूगोलाच्या पंतोजींनी सोडवावे. चार दिवसांनी वार्ताहरांनी डलेस साहेबांना या उल्लेखाविषयी छेडले, तेव्हा त्यांनी माघार घेतली नाही. आपल्या माहितीप्रमाणे सारे जग गोव्याला पोर्तुगालचा प्रांतच मानते आणि पोर्तुगीज तेथे सुमारे चारशे वर्षे आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पंडित नेहरूंपासून सामान्य गोमंतकीयापर्यंत सर्वांच्या मनाला ते उत्तर झोंबले. रागाची ती लाट ओसरून आज सहा तपे होत आली. आता त्या उत्तराची शांतपणे चिरफाड करता येते, आणि ती करताना अमेरिकेच्या महायुद्धोत्तर धोरणाचे व त्या धोरणामागे उभ्या असलेल्या समाजाचे जे दर्शन घडते, ते आम्हांस डलेस साहेबांच्या एका उद्गारापेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते.

प्रथम तो 'प्रांत' हा शब्द पाहू. सालाझारच्या पोर्तुगालने १९३० साली वसाहतींसाठी जो मूलभूत कायदा केला त्याचे नावच मुळी वसाहतींचा कायदा असे होते. त्या काळी वसाहती असणे ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हती, मिरवण्याची होती. पुढे दुसरे महायुद्ध झाले, भारत, ब्रह्मदेश, सिलोन, इंडोनेशिया स्वतंत्र झाले, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेत ७३ वे कलम आले. जी राष्ट्रे अद्याप स्वायत्त नसलेल्या प्रदेशांवर राज्य करीत असतील त्यांनी त्या प्रदेशांची माहिती राष्ट्रसंघाला द्यावी, असे ते कलम सांगते. तेव्हा १९५१ साली लिस्बनने घटना दुरुस्त केली आणि एका रात्रीत वसाहतींचे 'सागरपार प्रांत' झाले. अंगोला प्रांत, मोझांबिक प्रांत, गोवाही तसाच! तुरुंग तेच, पोलीस तेच, गव्हर्नर जनरलही लिस्बनहूनच नेमून येणार. पाटी तेवढी नवी रंगविली गेली. डलेस साहेब ज्या 'प्रांता'ची ग्वाही देत होते त्या नावाचे वय त्या दिवशी जेमतेम चार वर्षांचे होते. आणि त्या ग्वाहीनंतर बाराच दिवसांनी, १४ डिसेंबर १९५५ रोजी, पोर्तुगालला राष्ट्रसंघाचे सभासदत्व मिळाले. ७३ व्या कलमाखालील प्रदेश तुमच्याकडे आहेत काय, असे रीतसर विचारले गेले तेव्हा लिस्बनचे उत्तर तयारच होते: आमच्याकडे वसाहती नाहीत, आहेत ते प्रांत!

आता चारशे वर्षे. अल्बुकर्कने १५१० साली गोवा शहर घेतले हे खरे. बारदेश व सासष्टी हे तालुके १५४३ साली पोर्तुगीजांच्या हाती गेले, हेही खरे. पण गोवा म्हणजे केवळ तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी नव्हे. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे सावंतवाडीकर भोसल्यांकडून आणि फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे सौंदेकरांकडून पोर्तुगीजांनी मिळविले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. क्षेत्रफळाने हा भाग जुन्या गोव्याहून कितीतरी मोठा आहे, आणि पोर्तुगीजही त्याला आपल्या भाषेत 'नव्या काबिजादी' असेच म्हणत. ज्याला राज्यकर्ते स्वतः नवे म्हणतात त्याला वॉशिंग्टनच्या मंत्र्याने चारशे वर्षांचे म्हणावे, यास काय म्हणावे? तसे पाहिले तर ताब्याच्या वर्षांवरून हक्क सिद्ध होत असता, तर दीडशेहून अधिक वर्षे इंग्रजांच्या अमलाखाली राहिलेल्या अमेरिकन वसाहतींना १७७६ साली बंड करण्याचे कारण नव्हते.

डलेस साहेब अडाणी नव्हते. ते निष्णात कायदेपंडित होते, राष्ट्रसंघाच्या १९४६ च्या अधिवेशनात अमेरिकेच्या प्रतिनिधिमंडळात होते. भारताविषयीचा त्यांचा पूर्वग्रह मात्र जुना होता. भारतातील हंगामी सरकारवर कम्युनिझमचा प्रभाव असल्याचा शोध त्यांनी जानेवारी १९४७ मध्येच लावला होता! पण मनुष्य केवळ पूर्वग्रहाचा बनलेला नसतो. १९५५ च्या ऑगस्टमध्ये याच डलेस साहेबांनी भारताची दिलगिरी व्यक्त केली होती, आणि ती हकीकत येथे सांगितली पाहिजे.

भारताचे अमेरिकेतील राजदूत श्री. गगनविहारी मेहता हे आपल्या चिटणिसांसह टेक्सास राज्यातील ह्यूस्टनच्या विमानतळावर उतरले आणि तेथील भोजनगृहात जाऊन बसले. त्यांच्या कातडीचा रंग पाहून त्यांना गोऱ्यांच्या दालनातून उठून दुसरीकडे बसावयास सांगण्यात आले. राजदूत हे राष्ट्राचे प्रतिनिधी. बातमी जगभर गेली आणि परराष्ट्रमंत्र्यांना खेदाचा संदेश पाठवावा लागला. मेहतांनीही त्या प्रकाराचे अवडंबर माजविले नाही. त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, पत्रादेवी आणि कॅसलरॉकच्या बाजूने गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक जण जागच्या जागी वा नंतर मृत्युमुखी पडले. एका राजदूताला टेबलावरून उठवले, त्याबद्दल ऑगस्टमध्ये खेद. एका लोकसमूहाला त्याच्या घरात परका ठरविणाऱ्या सत्तेला डिसेंबरमध्ये प्रशस्तिपत्र. या दोन्ही पत्रव्यवहारांखाली एकाच मंत्र्याचे नाव आहे.

याचा उलगडा अटलांटिक महासागरात होतो. युरोप आणि अमेरिका यांच्या मध्ये अझोर्स नावाचा पोर्तुगीज द्वीपसमूह आहे आणि त्यातील तेर्सेरा बेटावर लाजेस येथे विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात तो आधी इंग्रजांनी आणि मग अमेरिकनांनी वापरला. युद्ध संपले, पण रशियाशी शीतयुद्ध जुंपले, आणि त्या काळच्या मालवाहू विमानांना एका उड्डाणात अटलांटिक ओलांडणे जड असल्याने या मधल्या थांब्याचे मोल सोन्याहून वाढले. १९४९ साली उत्तर अटलांटिक करार झाला तेव्हा बारा संस्थापक राष्ट्रांत सालाझारचा पोर्तुगाल सन्मानाने बसविण्यात आला. लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य यांचे रक्षण करण्याची प्रतिज्ञा त्या कराराच्या प्रस्तावनेत आहे. एकपक्षीय हुकूमशहाच्या प्रतिनिधीने त्याखाली सही करताना कोणाचा हात थरथरल्याचे ऐकिवात नाही. अझोर्सच्या वापराचा करार १९५१ साली झाला आणि पुढे त्याची मुदत १९६२ च्या अखेरपर्यंत वाढविण्यात आली. गोवा हा नाटो कराराच्या कक्षेत येत नव्हता. कराराच्या सहाव्या कलमाने ती कक्षा मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिक बेटे यांपुरती आखून दिली होती. पण कागदावरील कक्षा एक आणि मनातील भीड दुसरी. लाजेसच्या धावपट्टीवर ज्याचे विमान उतरावयाचे आहे तो धावपट्टीच्या मालकाला घरच्या कारभाराविषयी प्रश्न विचारीत नाही.

इतके सांगून थांबले तर अमेरिकेवरील टीका पुरी होते, अमेरिकेचे आकलन होत नाही. 'ही आमची अंतर्गत बाब आहे, बाहेरच्यांनी बोलू नये,' हा पोर्तुगालचा युक्तिवाद वॉशिंग्टनला इतक्या सहज का पटावा? कारण तो वॉशिंग्टनच्या स्वतःच्याही सोयीचा होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय नागरिकांना शाळा वेगळी, बस वेगळी, पाण्याचा नळसुद्धा वेगळा होता; कित्येक जिल्ह्यांत त्यांना मतदानाच्या यादीत नाव घालणे हे जिवावरचे काम होते. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध भारताने १९४६ साली राष्ट्रसंघात तक्रार नेली आणि श्रीमती विजयालक्ष्मी पंडितांनी ती बाजू लढविली, तेव्हा तो ठराव मंजूर झाला खरा, पण अमेरिकेचे मत त्याच्या विरोधात पडले. दुसऱ्याच्या घरातील वर्णभेद जागतिक चावडीवर येऊ लागला तर आपलाही येईल, ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी ड्यू बॉइस या थोर कृष्णवर्णीय विद्वानाच्या पुढाकाराने अमेरिकेतील वर्णभेदाविरुद्धचे निवेदन राष्ट्रसंघाकडे दाखल झाले. ते तेथे चर्चेला येऊ शकले नाही. (याच ड्यू बॉइस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी राष्ट्रसंघापुढे नेलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. कोलंबिया विद्यापीठात काढलेली वर्षे बाबासाहेब विसरले नव्हते.)

तथापि याच भीतीने अमेरिकेला काही चांगल्या वाटेवरही ढकलले. शाळांतील वर्णभेदाचा सुप्रसिद्ध खटला सर्वोच्च न्यायालयापुढे होता, तेव्हा डिसेंबर १९५२ मध्ये केंद्र सरकारच्या कायदा खात्याने न्यायालयाला लेखी सांगितले की, या भेदभावामुळे परदेशांशी असलेल्या आपल्या संबंधांना धक्का बसत आहे आणि शत्रूला प्रचाराचे साधन मिळत आहे. १७ मे १९५४ रोजी न्यायालयाने असा भेद घटनाबाह्य ठरविला. १९५७ च्या सप्टेंबरात आर्कन्सॉ राज्यातील लिटल रॉक गावी नऊ कृष्णवर्णीय मुलामुलींना शाळेत पोचविण्यासाठी आयझेनहॉवरना लष्कर पाठवावे लागले. त्याच वर्षी घानाच्या अर्थमंत्र्यांना डेलावेअर राज्यातील एका उपाहारगृहात बसून संत्र्याचा रस पिण्यास मनाई झाली, तेव्हा अध्यक्षांनी त्यांना आपल्याबरोबर न्याहारीस बोलावून पाहुणचाराची भरपाई केली. मेहता असोत वा घानाचे मंत्री, परदेशी पाहुण्याचा अपमान तारेने वा न्याहारीने धुऊन निघे. तेथेच जन्मलेल्या लक्षावधी माणसांना मात्र १९६४ चा नागरी हक्कांचा आणि १९६५ चा मतदानाचा कायदा होईपर्यंत वाट पहावी लागली, आणि ते कायदे वॉशिंग्टनच्या औदार्याने झाले नाहीत, माँटगोमेरी, बर्मिंगहॅम आणि सेल्मा येथील रस्त्यांवर सोसलेल्या लाठ्यांनी झाले.

अमेरिकेच्या या दुहेरी मनाचे दर्शन आम्हांस कोठे सर्वांत स्पष्ट घडते? १४ डिसेंबर १९६० रोजी राष्ट्रसंघाच्या आमसभेत. वसाहतींतील जनतेला स्वातंत्र्य देण्यात यावे, असा जाहीरनामा त्या दिवशी ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. नऊ राष्ट्रे तटस्थ राहिली. पोर्तुगाल, स्पेन, दक्षिण आफ्रिका, ब्रिटन, फ्रान्स यांच्या त्या रांगेत अमेरिकाही होती. ब्रिटिश पंतप्रधान मॅकमिलन यांची विनंती आयझेनहॉवरना मोडवली नाही. पण मतमोजणीनंतर सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा अमेरिकेच्याच बाकांवरील एक बाई उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. त्यांचे नाव झेल्मा जॉर्ज. त्या अमेरिकन प्रतिनिधिमंडळाच्या सभासद होत्या आणि कृष्णवर्णीय होत्या. त्यांच्या सरकारने ज्या जाहीरनाम्याला मत दिले नव्हते त्याला त्यांनी उभे राहून मान दिला. दुसऱ्याच दिवशी आमसभेने आणखी एका ठरावाने पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेशांची यादीच दिली आणि हे स्वायत्त नसलेले प्रदेश होत, असे ठणकावले. त्या यादीत गोवाही होता. सारे जग गोव्याला पोर्तुगालचा प्रांत मानते, हे डलेस साहेबांचे विधान जगाने पाच वर्षांत खोडून काढले; ते पाहण्यास ते हयात नव्हते.

पुढे केनेडी आले. सिनेटर असताना, २ जुलै १९५७ रोजी, त्यांनी अल्जीरियाच्या स्वातंत्र्याची बाजू उघड उचलून धरून फ्रान्सचा रोष ओढवून घेतला होता, त्यामुळे आशिया-आफ्रिकेत त्यांच्याविषयी मोठी आशा होती, आणि आरंभी ती त्यांनी फोल ठरविली नाही. आफ्रिकाविषयक खात्याचे प्रमुख मेनन विल्यम्स यांनी १९६१ च्या प्रारंभी नैरोबीत 'आफ्रिका आफ्रिकनांसाठी' असे सांगून गोऱ्या वसाहतवाल्यांना हादरविले. १५ मार्च १९६१ रोजी अंगोलाविषयीच्या ठरावावर सुरक्षा समितीत अमेरिकेने पोर्तुगालविरुद्ध मत दिले, तेही रशियाच्या बरोबरीने. ठराव पुरेशा मतांअभावी पडला, परंतु लिस्बनमध्ये अमेरिकेविरुद्ध निदर्शने झाली. मग ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. युद्ध पेटलेच तर फौजा युरोपात नेण्यासाठी लाजेस हवे, असे सेनाधिकारी म्हणू लागले; डीन ॲचेसन यांच्यासारखे जुने मुत्सद्दी पोर्तुगालला दुखवू नका, असे बजावू लागले; आणि कराराची मुदत संपत आली होती. सालाझार धूर्त होता, मुदतवाढीविषयी तो होय म्हणेना की नाही म्हणेना.

या पार्श्वभूमीवर १८ डिसेंबर १९६१ ची रात्र पहावी. भारतीय सेना गोव्यात शिरली होती. न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा समितीपुढे ॲड्लाय स्टीव्हन्सन यांनी भारताच्या कृतीचा कडक निषेध केला. हा राष्ट्रसंघाच्या अंताचा आरंभ ठरेल, इतक्या टोकाची भीती त्यांनी बोलून दाखविली. युद्ध थांबवून भारताने सैन्य मागे घ्यावे, या ठरावाला सात मते पडली, विरोधात चार. रशियाच्या नकाराधिकाराने तो बाद झाला. उरलेली तीन विरोधी मते सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांची होती, म्हणजे समितीतील आशिया-आफ्रिकेची. त्यांत लायबेरिया हे अमेरिकेतून मुक्त होऊन गेलेल्या गुलामांनी स्थापिलेले आणि अमेरिकेच्या निकटचे राष्ट्र होते, याची नोंद घेतली पाहिजे. त्याला समजलेली गोष्ट स्टीव्हन्सनसारख्या सुसंस्कृत पुरुषाला का समजू नये?

स्टीव्हन्सन यांच्या मुद्द्यात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. राष्ट्रांनी आपले तंटे शस्त्रांनी सोडवू नयेत असे सनद सांगते, आणि शांततेचे पाठ जगाला देणाऱ्या दिल्लीने रणगाडे धाडावेत यातील विसंगती दाखवून देण्याचा अधिकार कोणासही आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. चौदा वर्षे भारत बोलणी करू पाहत होता आणि लिस्बन बोलण्यास नकार देत होते. त्या चौदा वर्षांत आपल्या करारबंधूच्या कानात दोन शब्द निर्धाराने सांगण्याची ताकद जगात कोणाजवळ असेल तर ती वॉशिंग्टनजवळ होती. तीही न वापरता, उलट १९५५ साली 'प्रांता'ची ग्वाही देऊन सालाझारचा हट्ट पोसल्यावर, शेवटच्या रात्री शांततेचे स्मरण करून देणे हे उशिराचे शहाणपण होते. दिल्लीतील अमेरिकन राजदूत गॅल्ब्रेथ यांनी कारवाई पुढे ढकलावी म्हणून खटपट केली. पण पोर्तुगालची कड घेण्यात त्यांना स्वतःला उत्साह नव्हता, हे त्यांच्या १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीवरून दिसते. १९ डिसेंबरच्या सायंकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली आणि वाद गोव्यापुरता संपला.

अमेरिकेपुरता तो संपला नाही. १९६२ च्या अखेरीस अझोर्सचा करार संपला, तरी सालाझारने अमेरिकनांना घालवले नाही आणि नवा करारही केला नाही. १९७१ पर्यंत ते तेथे केवळ लिस्बनच्या मर्जीवर राहिले. त्या मर्जीची किंमत अंगोला, मोझांबिक आणि गिनी यांनी मोजली. पोर्तुगालला खरोखर जाचेल असे पाऊल उचलण्याची वेळ आली की वॉशिंग्टनचा आवाज खाली येऊ लागला, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह कृष्णवर्णीय नेत्यांनी आफ्रिकेविषयी परिषद भरवून सरकारला जाब विचारला तरी त्यात फारसा फरक पडला नाही. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये इस्रायलला शस्त्रे पोचविणारी अमेरिकन विमाने लाजेसवरूनच गेली. इतर युरोपीय मित्रांनी त्या वेळी धावपट्ट्या देण्यास नकार दिला होता.

अवघ्या सहा महिन्यांनी, २५ एप्रिल १९७४ रोजी, आफ्रिकेतील युद्धांना विटलेल्या पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्यांनीच लिस्बनमधील राजवट उलथून टाकली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार होऊन गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. पुढच्या वर्षी अंगोला आणि मोझांबिक स्वतंत्र झाले. 'सागरपार प्रांत' हा शब्द पोर्तुगीजांनीच पुसला. पोर्तुगाल लोकशाही राष्ट्र झाला, आणि नाटोतून बाहेर पडला नाही. ज्या धावपट्टीसाठी वीस वर्षे तोंडाला कुलूप घातले होते, ती लाजेसची धावपट्टी त्यानंतरही अमेरिकन विमानांना उघडीच राहिली.